पेशी मेली असं नेमकं कधी म्हणायचं?

रानजाई

पेशीला इजा झाली की दोन वाटा असतात, हे सगळीकडे लिहिलेलं असतं. इजा हलकी असेल तर पेशी सुजते आणि सावरते, भारी असेल तर मरते. या दोहोंमध्ये एक रेषा असते आणि ती ओलांडली की परत फिरता येत नाही, असंही पुढे येतं. ती रेषा कुठे आहे ते मात्र कोणी सांगत नाही. पेशीचं कोणतं काम थांबलं की ती मेली असं धरायचं? ऑक्सिजन वापरणं थांबलं की? केंद्रक विरघळलं की? पेशीपटल फाटलं की?

दुसरा प्रश्न व्यवहाराचा. हृदयविकाराचा झटका आला तर दवाखान्यात धाव घ्या, भाजलं तर पाणी सोडा, बोट तुटलं तर थंड ठेवा, हे तिन्ही सल्ले मला एकाच रेषेबद्दलचे वाटतात. अकरावी-बारावीच्या मुलांना हा भाग नीट समजावायचा आहे. जाणकारांनी मिनिटं, तास, अंश असं मोजून सांगितलं तर फार उपयोग होईल.

सूक्ष्मदर्शी

हृदयाच्या स्नायूपासून सुरुवात करतो. तिथली मोजमापं सगळ्यांत नीट झालेली आहेत.

रक्तवाहिनी बंद झाली की काही सेकंदांतच तंतुकणिकांना (मायटोकाँड्रिया, पेशीची ऊर्जाकेंद्रं) ऑक्सिजन पुरेना होतो आणि एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, घटायला लागतं. दोन मिनिटांच्या आत तो भाग आकुंचन पावणं थांबवतो. दहा मिनिटांनी एटीपी निम्म्यावर येतं, चाळीस मिनिटांनी दहा टक्क्यांवर. परतीची रेषा साधारण २० ते ४० मिनिटांच्या दरम्यान ओलांडली जाते.

या वेळात काय घडतं त्याचा क्रम महत्त्वाचा आहे. एटीपी नाही म्हणून सोडियम बाहेर फेकणारा पंप बंद पडतो. सोडियम आत साठतं, त्यामागोमाग पाणी येतं आणि पेशी फुगते. पेशी ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज जाळू लागते, लॅक्टिक आम्ल साठतं, आतली आम्लता वाढते. आंतर्द्रव्यजालिकेवर बसलेले रायबोझोम सुटतात आणि प्रथिनं बनणं मंदावतं. पटलावर फुगे येतात. इथपर्यंतचं सगळं परत फिरू शकतं. या टप्प्यावर रक्त परत मिळालं तर पंप चालू होतो, पाणी बाहेर जातं आणि पेशी सावरते.

यापुढे दोन गोष्टी घडतात आणि माझ्या मते तुमची रेषा या दोहोंची मिळून आहे. पहिली, ऑक्सिजन परत दिला तरी तंतुकणिका एटीपी बनवू शकत नाहीत. दुसरी, पेशीपटल गळायला लागतं. पटल गळलं की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम पेशीच्या बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असतं, त्यामुळे ते नुसतं शिरलं तरी घात होतो. पटल चिरणारी, प्रथिनं तोडणारी आणि डीएनए कापणारी विकरं (एन्झाइम) त्याने एकदम जागी होतात.

केंद्रक विरघळणं ही फार नंतरची गोष्ट. तो निकष धरू नका.

कौलारू

म्हणजे पेशी मरते आधी आणि मेलेली दिसते नंतर?

सूक्ष्मदर्शी

अगदी बरोबर, आणि मधलं अंतर बरंच मोठं आहे. हृदयाचा तुकडा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पहिल्या चार तासांत फारसं काही दिसत नाही. कधी तंतू नागमोडी झालेले दिसतात, तेवढंच. ४ ते १२ तासांत पेशी गडद गुलाबी होऊ लागतात. मग केंद्रक आक्रसतं, त्याचे तुकडे होतात किंवा ते फिकट होत नाहीसं होतं. पहिल्या ते तिसऱ्या दिवशी न्यूट्रोफिल पांढऱ्या पेशींची गर्दी होते, तिसऱ्या ते सातव्या दिवशी महाभक्षी पेशी मेलेला माल उचलतात. त्यानंतर नवी रक्तवाहिन्यांची जाळी येते आणि दोन महिन्यांच्या आसपास पांढरा घट्ट वण तयार होतो.

रक्ततपासणीतही हाच उशीर असतो. ट्रोपोनिन हे पेशीच्या आतलं प्रथिन. पटल गळल्याशिवाय ते रक्तात येत नाही आणि साधारण तीन तासांच्या आसपास वाढायला लागतं. म्हणून छातीत दुखू लागल्यावर लगेच केलेली पहिली तपासणी नॉर्मल आली तरी ती काही तासांनी पुन्हा करतात. पहिल्या कागदावर निश्चिंत होऊन घरी जाणं धोक्याचं आहे.

टाके_गाठी

सूक्ष्मदर्शी यांचा क्रम मान्य आहे. '२० ते ४० मिनिटं' या आकड्यावर मात्र हरकत घेतो. लोक त्याचा अर्थ असा लावतात की पाऊण तास गेला, आता धावून उपयोग नाही. तो आकडा एका पेशीचा आहे, आणि तोही रक्त पूर्ण तुटलं असेल तर. अख्ख्या हृदयाचा नाही.

रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांवर केलेले प्रयोग यासाठी पाहावेत. मृत्यू हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होतो आणि लाटेसारखा बाहेरच्या थराकडे सरकतो. ४० मिनिटांनी भिंतीच्या जाडीपैकी सुमारे ३८ टक्के भाग मेलेला होता, ३ तासांनी ५७, ६ तासांनी ७१ आणि २४ तासांनी ८५. आतला थर आधी जातो कारण तिथे दाब सर्वांत जास्त आणि आजूबाजूच्या वाहिन्यांचं झिरपतं रक्त सर्वांत कमी. बाहेरच्या थराला ते थोडंफार मिळत राहतं. म्हणूनच १२ तासांपर्यंत वाहिनी उघडण्याला अर्थ असतो. पहिल्या दोन तासांत मात्र तिचं मोल कितीतरी जास्त, कारण लाट तेव्हाच सर्वांत वेगाने पुढे जात असते.

आणखी एक. वाहिनी उघडल्यावरही तो भाग काही दिवस हलत नाही. सोनोग्राफीत मेल्यासारखा दिसतो, पण मेलेला नसतो, स्तब्ध झालेला असतो. रानजाई, काम थांबणं हा मृत्यूचा निकष होऊ शकत नाही, याचा याहून चांगला पुरावा मिळणार नाही.

सूक्ष्मदर्शी

हरकत योग्य आहे. एका पेशीचं घड्याळ वेगळं आणि ऊतीचं वेगळं. मी दोन्ही एकाच वाक्यात बसवली.

पेशीनुसारही घड्याळ बदलतं. मेंदूतल्या चेतापेशी ३ ते ५ मिनिटांत रेषा ओलांडतात. यकृतातल्या पेशी एक-दोन तास टिकतात. हातापायाचा स्नायू २ ते ६ तास तग धरतो. वण बनवणाऱ्या तंतुपेशी त्याहून कितीतरी जास्त. ज्या पेशीचा खर्च मोठा आणि साठा लहान, ती आधी जाते.

निळा_रंग

पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत हा प्रश्न रोजचा असतो आणि तिथे उत्तर ठरलेलं आहे: पटल. ट्रिपॅन ब्लू हा निळा रंग ०.४ टक्के घ्यायचा, पेशींच्या द्रवात समान भागात मिसळायचा आणि मोजणीच्या काचेवर घालून लगेच मोजायचं. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, चकाकती राहते. पटल गळकं असलेली पेशी निळी होते.

चुका दोन ठिकाणी होतात. तीन ते पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लावला तर हा रंग जिवंत पेशींनाही बाधतो, निळ्या पेशी वाढत जातात आणि टक्केवारी खोटी येते. दुसरी चूक म्हणजे द्रवात सीरम जास्त असणं. रंग प्रथिनांना चिकटतो आणि पार्श्वभूमीच निळी होते. पेशी आधी साध्या बफरमध्ये धुऊन घ्याव्यात.

ही चाचणी 'आत्ता पटल शाबूत आहे का' एवढंच सांगते. मरणाच्या वाटेवर असलेली पण पटल न फाटलेली पेशी इथे जिवंत म्हणूनच मोजली जाते. औषधाचा परिणाम बघताना म्हणूनच २४ आणि ४८ तासांनी पुन्हा मोजायचं असतं.

शिवारफेरी

शेतीतही अशीच चाचणी आहे आणि ती पटलावर नाही, श्वसनावर चालते. बियाणं जिवंत आहे का हे उगवण न करता बघायचं तर टेट्राझोलियम वापरतात. बी रात्रभर ओलं ठेवायचं, गर्भ उघडा पडेल असं कापायचं किंवा साल काढायची, आणि टेट्राझोलियम क्लोराईडच्या द्रावणात अंधारात ३० ते ३५ अंशांवर काही तास बुडवायचं. पिकानुसार ०.१ ते १ टक्का द्रावण लागतं. सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान हवा. तो बिघडला तर जिवंत बीही फिकट दिसतं. श्वसन करणाऱ्या पेशींतली विकरं रंगहीन द्रावणाचं लाल रंगद्रव्य करतात. गर्भ लाल झाला तर जिवंत, पांढरा राहिला तर मेलेला.

सोयाबीनमध्ये याचा फार उपयोग होतो. त्याची साल पातळ असते आणि मळणीयंत्रात दाणा आपटला की गर्भाच्या मुळाकडच्या टोकाला मुका मार बसतो. बाहेरून दाणा टपोरा दिसतो. टेट्राझोलियममध्ये मात्र मार बसलेली जागा आधी गडद लाल येते, कारण तिथलं पटल गळकं झाल्यामुळे द्रावण भराभर आत शिरतं. ती जागा पुढे मरते आणि मग पांढरी राहते. गडद लाल म्हणजे जखमी, पांढरा म्हणजे मेलेला, एकसारखा गुलाबी-लाल म्हणजे धडधाकट. रानजाई, तुमची रेषा एकाच दाण्यावर रंगात उमटलेली दिसते.

सूक्ष्मदर्शी

हे वाचून फार आनंद झाला. हेच रसायन शवविच्छेदनात वापरतात! हृदयाचे साधारण एक सेंटिमीटर जाडीचे काप करून १ टक्का द्रावणात ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवले की चांगला स्नायू विटेसारखा लाल होतो आणि झटक्याने मेलेला भाग फिकट राहतो. झटका आणि मृत्यू यांत किमान दोन-तीन तास गेलेले असावे लागतात.

इथे एक खाचखळगा आहे. माणूस गेलेला आहे, म्हणजे लाल झालेला स्नायूसुद्धा जिवंत नाही. तो लाल होतो कारण त्यातली विकरं अजून आतच आहेत. फिकट भागातली विकरं जिवंतपणीच गळून गेली, पटल फाटलं म्हणून. चाचणी श्वसनाच्या विकरांची असली तरी इथे ती शेवटी पटलाचीच साक्ष देते.

काचपट्टी

शवविच्छेदन निघालंच आहे तर तुकडा काढल्यानंतरच्या मृत्यूबद्दलही लिहायला हवं. सगळ्यांत जास्त नुकसान तिथे होतं आणि ते पूर्णपणे टाळता येतं.

शरीरातून काढलेला तुकडा त्या क्षणी जिवंत असतो. नंतर त्याच्याच लयकारिकांतली (पेशीतल्या पाचक पिशव्यांतली) विकरं त्याला पचवायला लागतात. स्वादुपिंड आणि आतड्याचं अस्तर सर्वांत आधी जातं, त्वचा उशिरा. हे थांबवायला फॉर्मॅलिन लागतं. एक लिटरचं प्रमाण असं:

४० टक्के फॉर्माल्डिहाइड १०० मिलि, पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम.

फॉस्फेट टाळून नुसतं पाणी मिसळलं तर द्रावण हळूहळू आम्ल होतं आणि रक्ताच्या जागी तपकिरी-काळे कण बसतात. ते कण बघणाऱ्याला रंगद्रव्य वाटू शकतात.

फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. ते ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर शिरतं. म्हणून मोठा अवयव अख्खा बरणीत टाकला तर बाहेरचा पदर पक्का होतो आणि मधला भाग कुजतो. आधी उघडून, काप देऊन ठेवायचा. तपासायचा काप ३ ते ५ मिलिमीटरपेक्षा जाड नको. स्तनाच्या गाठीत हार्मोनचे ग्राहक (रिसेप्टर) तपासायचे असतील तर तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. कमी-जास्त झालं तर ग्राहक असूनही 'नाही' असा अहवाल येऊ शकतो, आणि रुग्णाचं औषध त्यावर ठरतं.

तुकडा नळाच्या पाण्यात किंवा कोरड्या कापसात गुंडाळून पाठवू नये. पाण्यात पेशी फुगून फुटतात, कापसावर त्या सुकून चिकटतात.

कौलारू

मग बरणीत कुजलेली पेशी आणि शरीरात मेलेली पेशी यांत फरक कसा ओळखतात?

काचपट्टी

शेजाऱ्यांकडे बघून. शरीरात पेशी मेली तर जिवंत शेजारी धावून येतात, पांढऱ्या पेशी जमतात, रक्तवाहिन्या फुगतात. बरणीत कोणीच येत नाही. तिथे सगळा तुकडा एकसारखा फिकट पडतो.

सूक्ष्मदर्शी

शेजाऱ्यांचा मुद्दा पुढे नेतो. मेलेल्या भागाचं नंतर काय होतं त्यावर नेक्रोसिसचे, म्हणजे इजेने पटल फाटून झालेल्या पेशीमृत्यूचे, प्रकार ठरतात. हृदय, मूत्रपिंड, प्लीहा इथे मेलेला भाग काही दिवस घट्ट राहतो. पेशींच्या आकृत्या दिसतात, पण आत केंद्रक नसतं. पाचक विकरंही आम्लतेमुळे गोठलेली असतात म्हणून असं होतं. मेंदूत मात्र मेलेला भाग पातळ होतो आणि तिथे पोकळी राहते. गळू पिकतं तेही पातळ होणंच आहे. पू म्हणजे मेलेले न्यूट्रोफिल आणि त्यांनी विरघळवलेली ऊती. क्षयरोगाच्या गाठीत फाटलेल्या दुधाच्या चोथ्यासारखा पांढरट भुसभुशीत माल निघतो. स्वादुपिंडाला सूज आली की पोटातल्या चरबीवर खडूसारखे ठिपके दिसतात. तिथे मोकळी झालेली मेदाम्लं आणि कॅल्शियम मिळून चक्क साबण तयार झालेला असतो.

अमृतवेल

इतका वेळ सगळे नेक्रोसिसबद्दलच लिहीत आहेत. शरीरात रोज होणारे बहुतेक मृत्यू तसले नसतात. ते अपॉप्टोसिसचे, म्हणजे पेशीने स्वतःच आवरून जाण्याचे, असतात आणि शेजाऱ्यांना त्याची चाहूलही लागत नाही.

तिथे पेशी फुगत नाही, आक्रसते. केंद्रकाचे नीट तुकडे होतात, पेशीच्या छोट्या पुड्या बांधल्या जातात आणि पटल शेवटपर्यंत शाबूत राहतं. पटलाच्या आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचं मेदद्रव्य बाहेर येतं. 'मला उचला' अशी ती खूण. भक्षक पेशी पुड्या गिळतात. आतलं काही सांडत नाही, म्हणून सूज नाही. गर्भात बोटांमधला पडदा असाच जातो. तो न गेल्यास बोटं जुळलेली राहतात. बेडकाच्या पिल्लाची शेपटीही अशीच आक्रसते. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीच्या शरीरात १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या नेमक्या १३१ मरतात, प्रत्येक कृमीत त्याच. हे उलगडणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं.

रानजाई यांच्या प्रश्नाला इथे वेगळं उत्तर मिळतं. अपॉप्टोसिसला एटीपी लागतं. त्यामुळे तीच इजा, पण पेशीत इंधन शिल्लक असेल तर ती पुड्या बांधून जाते, इंधन संपलं असेल तर फुटून जाते. झटक्याच्या मधोमध नेक्रोसिस आणि कडेला अपॉप्टोसिस दिसतो तो त्यामुळेच.

एक विनंती. मराठीत याला सर्रास 'पेशींची आत्महत्या' लिहितात. मला तो शब्द खटकतो. दुःखाचा शब्द आहे, आणि इथे ना दुःख आहे ना हत्या.

कौलारू

मग काय म्हणायचं? 'नियोजित पेशीमृत्यू' हा शब्द सरकारी फायलीतला वाटतो.

अमृतवेल

केर, वायली आणि करी यांनी १९७२ मध्ये हा शब्द दिला तो ग्रीकमधून. अ‍ॅबर्डीनमधले ग्रीक भाषेचे प्राध्यापक कॉरमॅक यांनी तो सुचवला. अर्थ झाडावरून पानं, पाकळ्या गळणं. आपल्याकडे 'पानगळ' आहेच. 'पेशीगळ' म्हणावं असं माझं मत आहे.

शिवारफेरी

पेशीगळ, +१. पानगळीत झाड आधी पानातलं नत्र वगैरे परत ओढून घेतं आणि मग देठाशी पान सोडतं. उपमा आतपर्यंत लागू आहे.

झाडांत याचा आणखी एक नमुना आहे. गव्हाच्या प्रतिकारक वाणावर तांबेऱ्याचा बीजाणू रुजला की ज्या पेशीत बुरशी शिरली ती पेशी आणि शेजारच्या काही लगेच मरतात. पानावर टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके राहतात. तांबेरा फक्त जिवंत पेशीवर जगतो, म्हणून त्याची उपासमार होते. शेतात हे ठिपके बघून फवारणीला धावू नये. ठिपक्यावर बोट फिरवल्यावर तांबडी भुकटी लागली तरच तो रोग. मात्र मेलेल्या ऊतीवरच पोसणाऱ्या बुरशींपुढे हाच डाव उलटतो. तिथे पेशी मारणं म्हणजे त्यांना ताट वाढणं.

टाके_गाठी

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. तुटलेलं बोट. कडबाकुट्टी, उसाचा चरक, पिठाची गिरणी, इथून असे रुग्ण येतात आणि सोबत आणलेलं बोट बऱ्याचदा वाटेतच बिघडवलेलं असतं.

बोट स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने हलकेच धुवा. घासू नका, जंतुनाशक ओतू नका. स्वच्छ कापड किंवा गॉझ सलाइनमध्ये भिजवून घट्ट पिळा आणि त्यात बोट गुंडाळा. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा. ही पिशवी बर्फ घातलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवा. बोट थेट बर्फाला लागलं तर पेशींत स्फटिक होऊन पटल फाटतं, आणि तसं बोट जोडता येत नाही. नुसत्या पाण्यात बुडवून आणलं तर पेशी पाणी पिऊन फुगतात. दोन्हीकडे मरतं ते पटलच.

थंड केल्याने पेशीचा खर्च उतरतो. तापमान दहा अंशांनी कमी झालं की खर्च निम्मा किंवा त्याहून कमी होतो. बोटात स्नायू जवळजवळ नसतो, म्हणून ते न थंड करता साधारण १२ तास आणि थंड ठेवून २४ तासांपर्यंत जोडण्याजोगं राहतं. मनगटाच्या वर हात तुटला तर स्नायू भरपूर, म्हणून तीच मुदत ६ आणि १२ तासांवर येते. हाताच्या उरलेल्या टोकावर स्वच्छ कापडाने घट्ट दाब द्या.

गवतीचहा

भाजल्यावर पाणी किती वेळ? घरात कोणी हळद, कोणी टूथपेस्ट, कोणी बर्फ सांगतं.

टाके_गाठी

नळाचं वाहतं पाणी, पूर्ण २० मिनिटं, घड्याळ लावून. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत केलं तर उपयोग होतो. अंगठ्या, बांगड्या आधी काढा, सूज आल्यावर निघत नाहीत. लहान मूल असेल आणि भाजलेला भाग मोठा असेल तर बाकीचं अंग पांघरुणात ठेवा, नाहीतर मूल गारठतं. नंतर स्वच्छ सुती कापड सैल झाका.

कारण असं की भाजलेल्या जागी तीन पट्टे असतात. जॅक्सन यांनी १९५३ मध्ये ते दाखवले. मधला पट्टा मेलेला, तो परत येत नाही. कडेचा लाल पट्टा आपोआप बरा होतो. या दोहोंमधल्या पट्ट्यात रक्त मंदावलेलं असतं. तो पुढच्या एक-दोन दिवसांत वाचतो किंवा जातो. सगळी लढाई त्याच्यासाठी. बर्फाने तिथल्या वाहिन्या आकसतात आणि उरलंसुरलं रक्तही बंद होतं. टूथपेस्ट आणि हळदीच्या थराखाली उष्णता कोंडते, आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरांना दिसत नाही.

तापमान आणि वेळ यांचं गणितही देतो. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांच्या १९४७ च्या मोजमापांनुसार त्वचा ४४ अंशांना मरायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाच सेकंद. सोळा अंशांत मुदत किती कोसळते बघा. आंघोळीच्या पाण्यात मुलांसाठी आधी कोपर बुडवून बघतात ते उगाच नाही.

साप चावल्यावर वर आवळून बांधण्याबद्दलही एक वाक्य. घोणसाच्या विषातली विकरं त्या जागची ऊती आणि वाहिन्यांच्या भिंती मोडतात. आवळपट्टीने विष तिथेच कोंडतं आणि रक्तही तुटतं, म्हणजे दोन इजा एकत्र. अवयव स्थिर ठेवून थेट दवाखाना गाठा. प्रतिविष रक्तातलं विष निकामी करतं, पण मेलेली ऊती परत आणत नाही, म्हणून तेही लवकर हवं.

अमृतवेल

इजा आणि मृत्यू झाले, जुळवून घेणं राहिलं. पायाला प्लास्टर घातलं की मांडीचा स्नायू बारीक होतो. तिथे पेशी मरत नाहीत, आपली प्रथिनं मोडून लहान होतात आणि व्यायामाने परत भरतात. चप्पल घासते तिथे घट्टा पडतो, त्वचेचा वरचा थर जाड होतो. यकृतदात्याने सुमारे साठ टक्के यकृत दिलं तरी उरलेल्या भागातल्या पेशी वाढून आणि विभागून काही महिन्यांत आकारमान बऱ्यापैकी भरून काढतात. धूम्रपान करणाऱ्याच्या श्वासनलिकेत केसाळ नाजूक पेशी जाऊन चपट्या दणकट पेशी येतात. त्या धुराला टिकतात, पण कफ वर ढकलणारे केस गेलेले असतात. तंबाखू-चुना धरण्याच्या जागी गालात आलेला पांढरा चट्टा हाही त्यातलाच. तंबाखू सोडल्यावर काही आठवड्यांत तो गेला नाही, तर तुकडा तपासायलाच हवा.

आणि सगळ्यांत विलक्षण. १९८६ मध्ये मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्याच्या हृदयाची वाहिनी पाच मिनिटं बंद, पाच मिनिटं चालू असं चार वेळा केलं आणि मग ४० मिनिटं बंद ठेवली. मेलेला भाग नेहमीच्या चौथाईवर आला. छोट्या इजांनी पेशी मोठ्या इजेसाठी तयार झाली होती.

सूक्ष्मदर्शी

त्याची दुसरी बाजूही मुलांना सांगा. रक्त परत येणं हीच एक इजा असते. उपाशी तंतुकणिकांवर ऑक्सिजन एकदम आदळला की घातक मुक्त मूलकं तयार होतात आणि कॅल्शियमचा लोंढा येतो. ढिगाऱ्याखाली पाय तासन् तास दबलेला माणूस बाहेर काढताच कोसळतो, कारण मेलेल्या स्नायूतलं पोटॅशियम आणि मायोग्लोबिन रक्तात येतं. पोटॅशियम हृदय थांबवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंड बंद करतं. म्हणून शक्य असेल तिथे दगड उचलण्याआधीच सलाइन सुरू करतात.

रानजाई

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. माझी समजूत अशी झाली: काम थांबणं हा मृत्यू नाही, केंद्रक जाणं हा मृत्यूनंतरचा पुरावा, आणि रेषा तंतुकणिका व पटल यांच्यापाशी आहे. यातलं पटल मुलांना वर्गात दाखवता येईल का? टेट्राझोलियम शाळेत मिळणार नाही.

निळा_रंग

लाल कांदा घ्या. मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या, फुगीर बाजूची जांभळी साल चिमट्याने सोला. रंग त्या पेशींच्या रिक्तिकेत असतो, वेगळं काही घालावं लागत नाही. एक तुकडा साध्या पाण्यात काचपट्टीवर ठेवा, पेशी काठोकाठ भरलेल्या दिसतील. मग आच्छादन काचेच्या एका कडेला ५ टक्के मिठाचं पाणी सोडा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने ओढून घ्या. काही मिनिटांत जांभळा गोळा भिंतीपासून सुटून आक्रसेल. परत साधं पाणी ओढा, गोळा भरून येईल. ही परतीची इजा.

दुसरा तुकडा ७० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं ठेवून मग बघा. रंग पाण्यात उतरलेला असेल आणि मिठाने काहीही आक्रसणार नाही. भिंत तशीच उभी, पेशीचा आकारही तसाच, फक्त पटल गेलेलं.

शिवारफेरी

मिठात पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. आणि मिठाचं प्रमाण दुप्पट केलंत तर काही पेशी पाणी दिल्यावर परत येणार नाहीत, पटल भिंतीपासून सुटताना फाटतं. तोही तुकडा वेगळा ठेवा. एकाच सालीत परत आलेल्या आणि न आलेल्या पेशी शेजारी-शेजारी मोजायला द्या, वीस वीस पेशी प्रत्येकाला.